लाइन क्लियर नाही

मे महिना, भुसावळ, दुपारचे साडेबारा.
तिकडे झ्वोलला सकाळचे नऊ.
कुलरचा आवाज मीटिंगमध्ये जातो म्हणून कुलर बंद,
आणि मी, हर्षदा झोपे, सुट्टीवर असूनही
वरून इस्त्रीचा शर्ट, खालून घरातला गाऊन,
चार चौकोनांसमोर घाम पुसत बसलेली.

पहिल्या वर्षी यूप म्हणाला होता,
तू बघते म्हणालीस की आम्ही हो लिहून घेतो.
आता त्याला कसं सांगावं,
बघते म्हणजे नाही,
बघू या म्हणजे मुळीच नाही,
आणि हो हो, करू की, म्हणजे
समोरचा जिना उतरेपर्यंत विसरायचं.
मी इंग्रजीत हेच बोलत होते,
अर्थ तेवढा भुसावळला राहिला होता.

मार्लूस माझा अहवाल वाचून म्हणाली, चांगला नाही.
एवढंच.
मग तिनं पावावर चीज ठेवलं,
मांजराचे फोटो दाखवले.
मी बाथरूममध्ये जाऊन रडले
आणि परत येऊन मांजराला गोड म्हणाले.
त्यांचा नकार टेबलावरच असतो, मिठासारखा,
कोणीही उचलतं, शिंपडतं, ठेवून देतं.
आमचा बाहेर येतो
पाहुणे फाटकाबाहेर गेल्यावर.

अण्णांनी घरात कोणाला कधी नाही म्हटलं नाही.
सायकल सावद्याच्या भाच्याला गेली,
दिवाळीचा बोनस फैजपूरच्या मेव्हण्याला.
पंगतीत पानावर आडवा धरलेला हात
वाढप्यानं नुसतं बघितलं तरी काढून घ्यायचे.

पण यार्डातल्या केबिनमध्ये,
मी डबा घेऊन जायची तेव्हा,
हेच अण्णा काळ्या फोनमध्ये म्हणायचे,
लाइन क्लियर नाही.
आधी साहेब नाही, मागून माफ करा नाही.
एकदा मोठ्या साहेबांचा सलून जोडलेली मेल
त्यांनी बत्तीस मिनिटं सिग्नलबाहेर उभी केली.
फोनमध्ये कोणीतरी ओरडत होतं,
अण्णा कळण्याची भाकरी मोडत होते.
भीती नाही वाटली? मी विचारलं.
भीती कसली, आत मालगाडी उभी होती.
मी कुठं नाही म्हटलं?
रुळानं म्हटलं.

आज वाउटर म्हणाला,
पंधरा जूनला पंप रवाना करतोय. हर्षदा, ठीक?
ओठ सवयीनं मिटले,
बघतेमधल्या ब साठी.
मिटलेलेच ठेवले क्षणभर.
मग म्हणाले, नाही.
पंधराला नाही. दाबाची चाचणी बाकी आहे,
दोन झडपा गळतायत.

चारी चौकोन गप्प.
गल्लीतून कुल्फीवाल्याची घंटा गेली,
ती ऐकली असेल का झ्वोलनं?
वाउटरनं कॉफीचा घोट घेतला.
बरं, म्हणाला. मग कधी?

बस्स. मग कधी.
दीड वर्ष ज्याच्या आधी माझी झोप उडायची
त्याच्या नंतर एवढंच होतं.
बावीसला, मी म्हणाले,
जरा मोठ्यानंच,
कुलर बंद आहे हे विसरून.

दाराआड अण्णा शेंगा फोडायचे थांबले होते.
काय म्हने गोरा?
म्हने, मग कधी.
म्हंजे गाडी थांबली?
थांबली.
हं, म्हणाले,
आणि शेंगा पुन्हा फुटू लागल्या.

संध्याकाळी फैजपूरचे मामा आले.
पोरी, सात किलो वेफर्स नेशील ना केळीचे,
आपल्या निशिकांतसाठी, तोही तिकडेच असतो.
तिकडे म्हणजे?
जर्मनीत.
अण्णा माझ्याकडे बघत होते.
मी अण्णांकडे.
बॅगेत जागा नव्हती, हे रुळाइतकं खरं होतं.

बघते, मी म्हणाले.

मामांनी ते हो धरलं
आणि चपलांमागे ठेवलेली पिशवी
पुढे ओढली.